डोळ्यांदेखत नाहीसा होणारा ठिपका

वहीचं एक रेघांचं पान आणि पेन घ्या. मधल्या रेघेवर डावीकडे एक फुली काढा. त्याच रेघेवर, फुलीपासून चार बोटं उजवीकडे, वाटाण्याएवढा ठिपका काढून भरून टाका.

आता डावा डोळा तळहाताने झाका. पान हात लांब करून समोर धरा, उजव्या डोळ्याने फुलीकडे बघत राहा आणि पान सावकाश जवळ आणा. साधारण फूटभर अंतरावर ठिपका गडप होतो. आणखी जवळ आणलं की परत हजर.

पहिल्या खेपेला हे बऱ्याच जणांना जमत नाही. ठिपका गेला का, हे बघायला नजर तिकडे पळते, आणि ठिपक्याकडे बघितलं की तो दिसणारच! कधी घाईत उजवाच डोळा झाकला जातो, कधी पान तिरपं होतं. नजर फुलीवर ठेवायची आणि ठिपक्याची दखल फक्त मनाने घ्यायची.

हे कसं घडतं ते क्रमाने बघू. प्रकाश बाहुलीतून आत शिरतो, तिच्यामागच्या भिंगातून वळतो आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर पडतो. तिथे प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी पेशी असतात. मेंदूकडे जाणारे तंतू मात्र एका डोळ्यामागे साधारण १० लाखच. म्हणजे काय पुढे धाडायचं आणि काय नाही, याची चाळणी डोळ्यातच सुरू होते.

हे तंतू जिथे एकत्र येऊन डोळ्याबाहेर पडतात, तिथे प्रकाश टिपणारी एकही पेशी नसते. ही जागा म्हणजे अंधबिंदू. फ्रान्समधल्या एद्म मारिओत यांनी तो सतराव्या शतकात शोधला. आपला ठिपका याच जागेवर पडला, म्हणून गेला.

पण खरी गंमत पुढे आहे. ठिपका गेला तेव्हा तिथे भोक दिसलं का? नाही. वहीची रेघ तिथून सलग गेलेली दिसली. आजूबाजूला रेघ आहे म्हणजे मध्येही असणार, असं मेंदूने परस्पर धरलं आणि जागा भरून टाकली. विचारलं नाही, सांगितलंही नाही.

पुढचा टप्पा नजरेच्या हालचालीचा. हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख जेवढं दिसतं, साधारण तेवढाच भाग आपल्याला एका वेळी स्पष्ट दिसतो. बाकी सगळं धूसर असतं. ही उणीव भरायला डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारतात आणि उडीच्या क्षणी येणारं पुसट चित्र मेंदू बाजूला सारतो. आरशासमोर उभं राहून आधी आपल्या एका डोळ्यात बघा, मग दुसऱ्यात. डोळे हललेले आपल्याला दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते स्वच्छ दिसतील.

मग रंग. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका पोशाखाचा फोटो जगभर फिरला, आठवत असेल. कुणाला तो निळा-काळा दिसे, कुणाला पांढरा-सोनेरी, आणि दोघांनाही समोरचा थापा मारतोय असं वाटे. पोशाख खरोखर निळा-काळा होता. वस्तूचा रंग ठरवताना तिच्यावर पडलेला उजेड कसला आहे याचा मेंदू अंदाज घेतो आणि तो हिशेबातून वजा करतो. फोटोत उजेडाचा पत्ता लागत नव्हता, तेव्हा ज्याने त्याने आपापला उजेड गृहीत धरला. न्यूयॉर्क विद्यापीठातले पास्कल वॉलिश यांनी २०१७ मध्ये हजारो लोकांच्या उत्तरांवरून दाखवलं, की पहाटे उठणाऱ्यांना तो पांढरा-सोनेरी दिसण्याचं प्रमाण रात्री जागणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. आयुष्य कुठल्या उजेडात जास्त गेलं, त्यावर अंदाज बेतलेला. (दुकानात जुळलेला मॅचिंग ब्लाउजपीस उन्हात वेगळा दिसतो, तो दोष मात्र मेंदूचा नाही. तिथे उजेडच बदललेला असतो. कापड दाराशी नेऊन बघणाऱ्या बायका बरोबरच करतात.)

हे अंदाज आपण जन्मापासून बांधत येतो, म्हणून ते जाणवत नाहीत. ज्यांना ते उशिरा बांधावे लागतात, त्यांच्याकडून फार शिकायला मिळतं. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांचा ‘प्रोजेक्ट प्रकाश’ भारतात जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलांवर उपचार करतो आणि त्यांच्या दृष्टीचा अभ्यासही. नुकतं दिसू लागलेल्या मुलांना, हाताने चाचपलेली वस्तू कोणती, हे नुसतं बघून लगेच सांगता येत नव्हतं. काही दिवसांतच ते जमू लागलं. एकमेकांवर आलेले दोन आकार आधी त्यांना तुकड्यांसारखे वाटत. त्यातला एक हलवला, की तो वेगळा ओळखू येई. पट्टी निघाली आणि लख्ख दिसलं, हे सिनेमात ठीक आहे.

जागा भरण्याची मेंदूची ही सवय एका ठिकाणी महागात पडते. काचबिंदूमध्ये डोळ्याची नस हळूहळू खराब होते आणि बहुधा कडेकडेची नजर आधी जाते. बहुतेक प्रकारांत दुखत नाही, समोर काळं काही दिसत नाही. गेलेली जागा मेंदू भरतो, एका डोळ्याचं उणं दुसरा झाकतो. वाचता येतंय, टीव्ही दिसतोय, म्हणून आपण निर्धास्त. गेलेली नजर परत येत नाही.

म्हणून चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, असं समजू नये. चाळिशीनंतर, आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर त्याआधीपासून, डोळ्यातला दाब आणि नस दोन्ही बघायला डॉक्टरांना सांगावं. गरज वाटली तर ते पेरिमेट्री करायला सांगतात, म्हणजे नजरेचा पसारा मोजणारी चाचणी. एक डोळा झाकून समोरच्या खुणेकडे एकटक बघायचं आणि आजूबाजूला बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. पापणी मिटायला हरकत नाही. बराच वेळ दिवाच दिसला नाही, तरी घाबरून उगाच बटण दाबू नये. आपल्याला किती मंद दिसतं हे जोखायला यंत्र काही दिवे मुद्दामच न दिसण्याइतके मंद करतं.