ग्रीक शोकांतिका : भाषांतरातून रंगमंचाकडे

इ.स.पू. पाचव्या शतकात अथेन्समध्ये डायोनायसस या देवाच्या उत्सवात सादर होणाऱ्या शोकांतिकांत संवाद, गायन आणि नृत्य एकत्र गुंफलेले असल्यामुळे, त्या अन्य भाषेत रंगवताना शब्दांच्या अर्थाइतकीच लयीचीही काळजी घ्यावी लागते. पात्रांचे संवाद मुख्यतः आयॅम्बिक वृत्तात, म्हणजे नित्याच्या बोलण्याला जवळ असलेल्या ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांच्या रचनेत असतात, तर कोरस, म्हणजे घटनांवर भाष्य करणारा वृंद, अधिक गुंतागुंतीच्या छंदांत गातो. संघर्ष टिपेला पोहोचला की दोन पात्रे आळीपाळीने एकेक ओळ बोलतात. या पद्धतीला स्टिकोमिथिया म्हणतात आणि भाषांतरात ओळ लांबली की तिची धार बोथट होते.

दक्षिण आफ्रिकेत अशा भाषांतरासाठी कोणती भाषा निवडायची, या प्रश्नाला राजकीय परिमाण लाभते. केप प्रांतातील डच भाषेतून घडलेल्या आणि 1925 मध्ये राजमान्यता मिळालेल्या आफ्रिकान्सवर वर्णभेदी राजवटीची छाया पडली, परंतु ती असंख्य गौरेतर कुटुंबांचीही मातृभाषा आहे. त्यामुळे मेडियाच्या ग्रीक कथेवर लेखक टॉम लानोये यांनी केलेल्या ‘मम्मा मेडिया’ या फ्लेमिश नाट्यरूपांतराचा कवयित्री अँट्जी क्रोग यांनी केलेला आफ्रिकान्स अनुवाद महत्त्वाचा ठरतो, कारण परक्या देशात एकटी पडलेली मेडिया ज्या भाषेत बोलते, तिच्यातच सत्ता आणि परकेपणा यांचा इतिहास सामावलेला असतो. अशा प्रयोगांतून प्राचीन संहिता वर्तमानाला थेट भिडते आणि हेच रंगमंचीय भाषांतराचे खरे सामर्थ्य आहे.