सेकंडहँड घेताय? आरसी आधी, राइड नंतर!

पहिलीवहिली बाइक, तीही सेकंडहँड? बॉस, आयडिया सही आहे. शिकताना एक-दोनदा आपटणार हे नक्की, मग नव्या टाकीवर ओरखडे कशाला?

मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यासारख्या गावातली ९७ सीसीची स्प्लेंडर मिळतेय? जरूर बघा. १९९४ पासूनचं मॉडेल, वजनाला हलकं, स्पेअर कुठेही मिळतात. फक्त ती घाटात आणि धो धो पावसात राबलीय, हे विसरू नका. सकाळीच जा, आणि मालकांना आधी सांगा, इंजिन गरम करून ठेवू नका. चढावर रेस वाढते, पण गाडी पळत नाही? क्लचप्लेट गेल्या. निळा धूर? इंजिनकाम आलं. टाकीच्या आत टॉर्च मारून गंज बघा. (वरच्या चकचकीत पॉलिशवर आम्हीही भाळलो होतो!)

चासी नंबर आरसीशी जुळवा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ‘ट्रान्सफर करू नंतर’ म्हणणाऱ्या मालकांना सांगा, सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालानुसार आरटीओत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. ते स्वतःच आरटीओत येतील. इन्शुरन्स नावावर करायला १४ दिवसांत अर्ज टाका.

आणि हो, परतीच्या घाटात हिरोगिरी नको. गाडी चालवणारा मित्र सोबत न्या.