शेजारगावांचं पाणी

सकाळी नळ किती वाजता येतो आणि कधी जातो, हे घरात कुणाला विचारायचं? अर्थात तुम्हाला! बाकीच्यांना भरलेल्या बादल्या तेवढ्या दिसतात. पण नळाच्या पलीकडच्या टोकाला कोण बसलं आहे, पाणी कुणाच्या हुकमानं सुटतं, हे आपण बायका फारसं विचारत नाही. म्हणून आज तुम्हाला फ्रान्समधल्या खेड्यांची हकीकत सांगायची आहे. देश लांबचा खरा, पण हकीकतीत धुणं आहे, चुलीतली राख आहे, तान्ह्या बाळाचं दूधही आहे. अनोळखी वाटणार नाही.

फ्रान्समध्ये गावं फार आणि तीही चिमुकली. आजही तिथे सुमारे ३५ हजार ग्रामपालिका आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांहून अधिक गावांत पाचशे माणसंसुद्धा राहत नाहीत. तरी प्रत्येकीला आपला सरपंच, आपली कचेरी आणि आपला मान!

या गावांचं धुणं पूर्वी ओढ्यावर चालायचं. रोगराईला आळा बसावा म्हणून १८५१ साली सरकारने सार्वजनिक स्नानगृहांसाठी आणि धुणीघरांसाठी सहा लाख फ्रँक मंजूर केले. पुढे गावोगाव छप्पर घातलेली दगडी कुंडं उभी राहिली. बायका काठावर पेंढा भरलेल्या लाकडी खोक्यात गुडघे टेकायच्या आणि मोगरीने कपडे बडवायच्या. मोठ्या धुण्याची रीत तर ऐकण्यासारखी आहे. पिंपात चादरी रचायच्या, वर फडक्यात राख ठेवायची आणि कढत पाणी ओतायचं. खाली झिरपलेलं पाणी पुन्हा तापवायचं, पुन्हा ओतायचं. मग हा सगळा ओला बोजा गाडीवर घालून धुणीघरात खळबळायला न्यायचा. ऐन थंडीत त्या बर्फगार पाण्यात हात घालणं कसं असेल, याची कल्पना तुम्हाला मी द्यायला नको.

नळ का नव्हते? तर दोनशे वस्तीच्या गावाला ते परवडण्यासारखे नव्हते. विहीर, पंप, टाकी, कोसभर लांब नळ, एवढा खर्च एकट्यानं कसा पेलायचा? वाट काढली ती १८९० सालच्या एका कायद्याने. शेजारच्या गावांना एकत्र येऊन एखाद्या कामापुरता संघ काढायची मुभा त्याने दिली. संघात प्रत्येक गावाचे सहसा दोन प्रतिनिधी बसतात. वस्ती दोनशेची असो की दोन हजारांची, प्रतिनिधी दोन! लहान गावांना धीर आला तो यामुळे. तरी दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा बहुतेक खेड्यांत पाणी डोक्यावरूनच येत होतं. १९५४ साली खास निधी निघाला. ज्यांच्या घरी नळ होता त्यांच्या बिलावर थोडा कर बसवला, आणि गंमत म्हणजे घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजांमधूनही पैसा काढला. नवऱ्याने शर्यतीत घालवलेले पैसे कुणाच्या तरी चुलीपाशी नळ होऊन आले म्हणायचे!

पश्चिम किनाऱ्यावरच्या वांदे जिल्ह्याचं उदाहरण घ्या. तिथल्या खडकात पाणी फारसं मुरत नाही, विहिरींचा भरवसा नाही. म्हणून धरणं बांधली. पण धरणं आतल्या भागात, आणि उन्हाळी पाहुण्यांची गर्दी समुद्रकाठच्या गावांत. १९६१ साली गावांनी मिळून जिल्हाभराचा संघ उभारला. आज तिथे पाण्याचा दर सगळीकडे एकच आहे, धरणाजवळच्या बाईला आणि समुद्रकाठच्या बाईलाही.

आता तुम्ही म्हणाल, सगळं गोडीगुलाबीनं झालं असेल. छे! ज्या गावाला स्वतःचा झरा आहे ते म्हणतं, आमचं पाणी आम्ही का वाटायचं? २०१५ साली कायद्याने पाण्याचा कारभार मोठ्या गटांकडे सोपवायची सक्ती केली, तेव्हा खेड्यांतून मोठी ओरड झाली. मुदत २०२० ची होती, ती २०२६ पर्यंत लांबली, आणि अखेर एप्रिल २०२५ मध्ये, ज्यांनी अजून कारभार सोपवला नव्हता त्यांच्यापुरती सक्तीच उठली.

माझं मन दोन्हीकडे ओढ घेतं. गावाच्या कचेरीत जाऊन विचारता येणं ही लहान गोष्ट नव्हे. पण शेतातल्या खतांचं नायट्रेट झऱ्यात उतरतं तेव्हा काय? लिटरमागे ५० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली की ते पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात चालत नाही. बाळाच्या रक्तातला प्राणवायू कमी होऊ शकतो. उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं, हे लक्षात ठेवा. असे कितीतरी झरे आणि विहिरी तिथे बंद कराव्या लागल्या. त्या दिवशी शेजारगावाचा नळ जोडलेला नसेल, तर झऱ्याचा अभिमान बाटलीत भरून बाळाला देता येत नाही.

नळ आले, धुलाईयंत्रं आली, धुणीघरं ओस पडली. काही पडली, काहींची डागडुजी झाली. कुंडाकाठी आता फुलांच्या कुंड्या दिसतात, कुठे चित्रं मांडतात. शाळांचंही तसंच. १८८० नंतर गावोगाव एकच इमारत बांधत: मधे कचेरी, एका अंगाला मुलगे, दुसऱ्या अंगाला मुली. दारावर ती अक्षरं अजून आहेत, मुलं मात्र नाहीत. मग दोन-तीन गावं मिळून शाळा चालवतात. धाकटी एका गावात, मोठी दुसऱ्या गावात, मधे बस. चार वर्षांच्या पोराला सकाळी बसमध्ये चढवताना आईच्या पोटात कालवतंच, पण शाळा पार लांबच्या शहरात जाण्यापेक्षा बरं. रिकाम्या वर्गांत कुठे वाचनालय, कुठे दवाखाना, कुठे भाड्याची बिऱ्हाडं. २०१० च्या कायद्याने मुलं सांभाळणाऱ्या बायकांना एकत्र जागा घेऊन काम करायची परवानगी दिली, तेव्हापासून काही जुन्या शाळांत पाळणे आले.

आपल्याकडेही अशी भागीदारी आहे, बरं का! ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांची मिळून एक पाणी कंपनी आहे. शहाड-टेमघरवरून तिचं नाव पडलं ‘स्टेम’. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलून टेमघरला शुद्ध करतात. तिथल्या किती मैत्रिणींना हे नाव माहीत असेल?

फ्रान्समध्ये पाण्याच्या बिलाबरोबर वर्षातून एकदा एक कागद येतो. त्यात नायट्रेट किती, जंतू आढळले का, पाणी जड की हलकं, सगळं लिहिलेलं असतं. पाणी जड निघालं की तिथली गृहिणी किटलीत थोडं व्हिनेगर आणि पाणी उकळते, तासभर तसंच ठेवते आणि खळबळून टाकते. चुन्याचा पांढरा थर सुटून येतो. आपल्याकडे बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी हा उपाय करून पाहावा. नायट्रेटचा आकडा मात्र कागदावरच वाचावा लागतो, त्याला ना वास ना चव.