कीबोर्ड जोडला की स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ आवाज? अर्थिंगची पिन तोडू नका, डीआय बॉक्स लावा

गणपती, नवरात्र, हरिनाम सप्ताह, यात्रा, लग्नाची हळद. गावात कार्यक्रमांना तोटा नाही. पूर्वी पेटी, पखवाज आणि टाळ एवढ्यावर भजन उभं राहायचं. आता त्यांच्या जोडीला कीबोर्ड, ऑक्टोपॅड, बँजो, गिटार आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा आलाय. पेटी-पखवाजापुढं माईक ठेवला की काम भागतं. ही नवी वाद्यं मात्र वायरनं सरळ मिक्सरला जोडतात आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच स्पीकर ‘घूंऽऽ’ करायला लागतो.

मग पळापळ होते. साऊंडवाला इकडची पिन हलवतो, तिकडची काढून बघतो. शेवटी कुणीतरी म्हणतं, “अर्थिंग काढून टाका, आवाज जातोय.” आवाज बऱ्याचदा खरंच जातो. पण त्याच्याबरोबर स्टेजवरच्या माणसाच्या जिवाचं संरक्षणही जातं. या घरघरीवर सुरक्षित उपाय आहे. तळहाताएवढी एक लोखंडी डबी, तिला ‘डीआय बॉक्स’ म्हणतात. शहरातल्या बहुतेक कार्यक्रमांत ती असते. आपल्याकडं अजून अनेक मंडळांना तिची माहिती नाही. ती काय करते आणि कशी लावायची, ते समजून घेऊया.

हा आवाज येतो कुठून?

आपल्याकडची वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची. म्हणजे करंट सेकंदाला 50 वेळा मागं-पुढं होतो. हीच 50 हर्ट्झची थरथर आणि तिची दुप्पट, तिप्पट पट्टी वाद्याच्या वायरीत शिरली की स्पीकरमधून घरघर ऐकू येते. ती शिरायच्या वाटा मुख्यतः दोन.

पहिली वाट लांब वायर. कीबोर्ड किंवा गिटारची नेहमीची वायर, जिच्या टोकाला जाड पी-38 पिन असते, तिच्यात आत एकच तार आणि तिच्याभोवती जाळी असते. ही वायर दोन-चार मीटर असली तर चालतं. पण स्टेजवरून मिक्सरपर्यंत वीस-तीस मीटर ओढली आणि शेजारून लायटिंगच्या माळा, जनरेटरची केबल गेली, की ती त्यांचा आवाज ओढून घेते. गिटारसारख्या नाजूक सिग्नलचं आणखी एक नुकसान होतं. कमी दाबाचं पाणी लांबच्या वावरात न्यायचं तर वाटेतच जिरतं, तसा गिटारच्या आवाजातला बारीक, चमकदार भाग लांब वायरीत जिरतो आणि आवाज कोंदट येतो.

दुसरी वाट अर्थिंगचा वेढा. स्टेजवरच्या कीबोर्डला, ॲम्प्लीफायरला लाईट एका घरातून घेतलेली, मिक्सरला दुसरीकडून. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं. वाद्याची वायर लावली की तिची जाळी या दोन अर्थिंगना जोडते आणि त्यांच्यातला थोडासा करंट जाळीतून वाहायला लागतो. तोच घरघर बनून बाहेर पडतो. अर्थिंगची पिन काढली की आवाज थांबतो तो याचमुळं, वेढा तुटतो म्हणून.

डीआय बॉक्स काय करतो?

डीआय म्हणजे ‘डायरेक्ट इंजेक्शन’. वाद्यापुढं माईक न ठेवता त्याचा सिग्नल थेट मिक्सरला देणं, असा त्याचा अर्थ. हा बॉक्स वाद्याचा सिग्नल माईकसारखा करून देतो. एका बाजूनं पी-38 पिन आत जाते, दुसऱ्या बाजूनं माईकची तीन पिनांची एक्सएलआर केबल बाहेर पडते. तिथून पुढं पन्नास मीटर केबल ओढली तरी आवाज स्वच्छ राहतो.

हे कसं होतं? एक्सएलआर केबलमध्ये जाळीच्या आत दोन तारा असतात. डीआय बॉक्स तोच सिग्नल दोन्ही तारांवर पाठवतो, पण एकावर सुलट आणि दुसरीवर उलट. वाटेत बाहेरची घरघर शिरली तर ती दोन्ही तारांत सारखीच शिरते. मिक्सर फक्त दोन तारांमधला फरक मोजतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखीच माती पडली तर काटा हलत नाही, तसंच हे. घरघर दोन्हीकडं सारखी म्हणून कटते, वाद्याचा आवाज दोन्हीकडं उलटसुलट म्हणून पूर्ण मिळतो. अशा जोडणीला ‘बॅलन्स्ड’ म्हणतात.

पॅसिव्ह घ्यायचा की ॲक्टिव्ह?

बॉक्सचे प्रकार दोन.

पॅसिव्ह बॉक्समध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याला बॅटरी लागत नाही, लाईट लागत नाही. ट्रान्सफॉर्मरमुळं वाद्य आणि मिक्सर यांचा तारेनं थेट संबंध राहत नाही, म्हणून अर्थिंगच्या वेढ्यावर हा जास्त गुणकारी. ज्यांचा सिग्नल मुळात दमदार असतो त्या कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि लॅपटॉपला हा चांगला. धूळ, धक्के, टेम्पोतला प्रवास हे सगळंही तो सोसतो.

ॲक्टिव्ह बॉक्समध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्याला मिक्सरमधून येणारी 48 व्होल्टची ‘फँटम पॉवर’ लागते किंवा आत बॅटरी बसवावी लागते. नाजूक सिग्नलच्या वाद्यांना हा बरा. उदाहरणार्थ, ज्या गिटारच्या आत नुसता पिकअप आहे आणि बॅटरीचं सर्किट नाही ती गिटार, बेस गिटार किंवा साधा पिकअप बसवलेला बँजो. पॅसिव्ह बॉक्सवर अशा वाद्यांचा आवाज कधी कधी दबका येतो.

मंडळाला एकच बॉक्स घ्यायचा असेल आणि मुख्य वाद्य कीबोर्ड असेल, तर पॅसिव्ह घ्या. कंपनीप्रमाणं किंमत बदलते, पण साउंडच्या एकूण खर्चापुढं ती किरकोळच.

जोडायचं कसं?

1. आधी मिक्सरवर त्या चॅनलचा फेडर पूर्ण खाली करा. फेडर वर ठेवून पिन काढ-घाल केली तर ‘धाडकन्’ आवाज होऊन स्पीकर फाटू शकतो.

2. वाद्यातून छोटी पी-38 वायर, दोन-तीन मीटरची, डीआय बॉक्सच्या ‘इनपुट’मध्ये लावा. कीबोर्डला दोन आउटपुट असतील आणि बॉक्स एकच असेल तर ‘एल/मोनो’ लिहिलेल्या भोकातच लावा. दुसरं मोकळं ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र येतो.

3. बॉक्स वाद्याजवळ ठेवा, मिक्सरजवळ नाही. बॉक्स मिक्सरजवळ ठेवून वाद्याची लांब वायर तशीच ओढली तर घरघर वाटेतच शिरते. आखूड बाजू पी-38ची, लांब बाजू एक्सएलआरची, एवढं ध्यानात ठेवा.

4. बॉक्सच्या एक्सएलआरमधून केबल मिक्सरच्या माईकच्या भोकात लावा. बॉक्समधून निघणारा सिग्नल माईकइतका बारीक असतो, त्यामुळं लाइनच्या भोकात लावला तर आवाज कमी येईल.

5. वाजवणाऱ्याजवळ त्याचा स्वतःचा ॲम्प्लीफायर असेल तर बॉक्सवरच्या ‘लिंक’ किंवा ‘थ्रू’ भोकातून तो जोडा. वादकाला स्वतःचा आवाज मिळतो आणि मिक्सरलाही जातो.

6. ॲक्टिव्ह बॉक्स असेल तर आता फँटम चालू करा आणि थोडं थांबा.

7. वाद्याचा व्हॉल्यूम पाऊणपर्यंत ठेवा आणि मिक्सरचा गेन हळूहळू वाढवा. लाल दिवा लागू देऊ नका. गेन कमी करूनही आवाज फाटत असेल तर बॉक्सवरचं ‘पॅड’ बटण दाबा, ते सिग्नल कमी करतं.

मोबाईल किंवा लॅपटॉपवरून ट्रॅक लावायचा असेल तर दोन चॅनलचा बॉक्स आणि एका बारीक स्टिरिओ पिनेतून दोन मोनो पिना निघणारी वायर लागते. चार्जर लावला की लॅपटॉपमधून चिरचिर येते, ती अशा बॉक्सनं बहुतेक वेळा जाते.

ॲम्प्लीफायरचं स्पीकरकडं जाणारं आउटपुट मात्र डीआय बॉक्समध्ये घालू नका. ज्या बॉक्सवर तशी सोय असल्याचं स्पष्ट लिहिलंय तिथंच ते चालतं. नाहीतर बॉक्स जळेल.

बॉक्स घेण्याआधी केबल तपासा

गावाकडच्या बऱ्याच माईक केबलला एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला मोनो पी-38 पिन डकवलेली असते. अशी पिन लावताना उलट सिग्नलची तार जाळीला जोडलेली असते. म्हणजे तराजूचं एक पारडंच काढून टाकलं. अशी केबल लावली तर घरघर कटायचा फायदा जवळपास संपतो. म्हणून केबलच्या दोन्ही टोकांना एक्सएलआर पाहिजे आणि मिक्सरलाही एक्सएलआरची भोकं पाहिजेत. आपल्या साऊंडवाल्याला हे आधी विचारा, मगच पैसे घाला.

‘ग्राउंड लिफ्ट’ म्हणजे अर्थिंग काढणं नव्हे

हा भाग नीट वाचा.

डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचं छोटं बटण असतं. बॉक्स लावूनही थोडी घरघर राहिली तर ते एकदा इकडं, एकदा तिकडं करून बघा. ज्या बाजूला आवाज स्वच्छ, तिथं ठेवा. हे बटण फक्त सिग्नलच्या वायरीची जाळी तोडतं. अर्थिंगचा वेढा तिथं सुटतो आणि लाईटचं अर्थिंग जागच्या जागी राहतं. कीबोर्डचा ॲडॅप्टर दोन पिनांचा असेल तर बटण ‘लिफ्ट’वर नसतानाच आवाज स्वच्छ येण्याची शक्यता जास्त, कारण त्या वाद्याला जमिनीचा आधार वायरीतूनच मिळतो.

थ्री-पिन टॉपची वरची जाड, लांब पिन ही मात्र वेगळी गोष्ट. ती आवाजासाठी नसतेच, ती जिवासाठी असते. ॲम्प्लीफायरच्या आत वायर सुटून लोखंडी डब्याला लागली, तर करंट या पिनेतून जमिनीत जातो आणि फ्यूज किंवा एमसीबी उडतो. पिन तोडलेली असेल तर काहीच उडत नाही. डबा 230 व्होल्टवर तसाच तापलेला राहतो. त्या डब्यातून गिटारच्या वायरीची जाळी निघते, जाळीला गिटारच्या लोखंडी तारा जोडलेल्या असतात आणि त्यावर वादकाची बोटं असतात. समोरचा माईक मात्र मिक्सरमार्गे अर्थिंगला जोडलेला. वादक गायला म्हणून पुढं झुकला आणि ओठ माईकला लागले, की करंट त्याच्या हातातून, छातीतून, तोंडातून जातो. पावसाळ्यातला मांडव, ओली जमीन, अनवाणी पाय, मग तर विचारूच नका.

म्हणून पिन तोडणं, दोन पिनांचा जोड लावणं, होल्डरमध्ये उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्या खोचून बसवणं, हे स्टेजवर अजिबात चालू देऊ नका. माईकला किंवा वाद्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, झिणझिण्या येत असतील, तर डीआय बॉक्स हा त्यावरचा उपाय नाही. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला दाखवा. कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला तरी चालतो.

यानं काय होणार नाही?

पेटी, तबला, पखवाज, टाळ यांना डीआय बॉक्स लागत नाही, तिथं माईकच. माईकची शिट्टी यानं थांबत नाही, ती माईक-स्पीकरची जागा आणि आवाज यांवर असते. तुटकी वायर, सैल पिन, वाद्यातच असलेला दोष यानं दुरुस्त होत नाही. गिटारचा पिकअप शेजारच्या लायटिंगमधून आवाज ओढत असेल तर वादकाला तिथून दोन पावलं सरकवणं हाच उपाय.

मंडळांनी एवढं करावं

स्टेज आणि मिक्सर या दोन्हीचा लाईट एकाच ठिकाणाहून, एकाच अर्थिंगवरून घ्या. निम्मी घरघर इथंच जाते. वीज अधिकृत तात्पुरत्या जोडणीवरून घ्या, आकडा टाकून नको. बोर्डाच्या आधी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळायला लागला की तो क्षणात लाईट तोडतो. जनरेटर असेल तर त्याचंही अर्थिंग वायरमनकडून करून घ्या. सिग्नलच्या केबली आणि लाईटच्या केबली वेगवेगळ्या बाजूनं न्या. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर आडव्या काटकोनात ओलांडा, शेजारी-शेजारी नको.

आणि साऊंडची सुपारी देताना फक्त “बेस किती, टॉप किती” एवढंच विचारू नका. “डीआय बॉक्स आहेत का? अर्थिंगच्या पिना शाबूत आहेत का?” हेही विचारा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की साऊंडवाले आपोआप सामान ठेवायला लागतील. मांडवात चांगला आवाज तर घुमला पाहिजेच, पण वाजवणारा पोरगा रात्री धडधाकट घरी गेला पाहिजे.

आपल्या मंडळाच्या ग्रुपवर ही माहिती जरूर पाठवा.