बांधकामाच्या पेढीवर कन्येची सही

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना वाटेत करमाड लागते. जालन्याच्या कारखान्यांतून निघालेली लोखंडी सळई याच मार्गाने पुढे जाते आणि शेंद्रा-करमाड परिसरात ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहू लागल्यापासून ती येथेही उतरते. सिमेंट, सळई, फरशी आणि नळसाहित्याचा व्यापार मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांत आपल्या समाजाच्या पेढ्या आहेत. त्यांतील काही घराण्यांची दुसरी पिढी ठेकेदारी आणि गृहप्रकल्पांकडे वळली आहे. ऑरिक हॉल या प्रशासकीय इमारतीचे लोकार्पण ७ सप्टेंबर २०१९ रोजी झाले, त्याच दिवशी शेंद्र्यात महिला बचत गटांचा राज्यस्तरीय मेळावाही भरला होता. योगायोग सूचक खरा. परंतु इमारत उभी राहते तेव्हा स्त्री कोठे असते? एक डोक्यावर घमेले घेऊन शिडी चढत असते. दुसरीचे नाव भागीदारीपत्रात असते. या दोहोंच्या मधली, निर्णय घेणारी जागा बहुधा रिकामीच असते.

भागीदारीपत्रातील हे नाव पुष्कळदा करनियोजनाच्या सोयीसाठी घातलेले असते. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यानुसार मात्र पेढीच्या देण्यास प्रत्येक भागीदार व्यक्तिशः जबाबदार ठरतो. कर्जाची कागदपत्रे समोर आली की घरातील सूनबाई वा वहिनी विचारतात, “सही कोठे करायची?” ही सही कशासाठी, असे विचारण्याची त्यांना कोणी सवयच लावलेली नसते. जोखीम पूर्ण आणि अधिकार शून्य, असा हा व्यवहार. पुरुषाने स्वतःसाठी तो कधीही मान्य केला नसता.

बांधकाम हे स्त्रीचे क्षेत्र नव्हे, हा समज महाराष्ट्राने तरी बाळगू नये. शकुंतला भगत यांनी मुंबईच्या व्हीजेटीआय या संस्थेतून १९५३ मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. वडील एस. बी. जोशी हे नामवंत पूल अभियंता. म्हणजे घरचा व्यवसाय तोच, आणि कन्या त्यात उतरली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात उच्च शिक्षण घेऊन त्या परतल्या व मुंबईच्या आयआयटीत अध्यापन करू लागल्या. पुढे पती अनिरुद्ध भगत यांच्यासह त्यांनी १९७० मध्ये क्वाड्रिकॉन ही कंपनी स्थापन केली. कारखान्यात आधीच तयार केलेले पोलादी सुटे भाग निरनिराळ्या प्रकारे जोडून वेगवेगळ्या लांबी-रुंदीचे पूल उभारावेत, ही त्यांची कल्पना. जेथे अवजड यंत्रसामग्री पोहोचत नाही अशा डोंगराळ भागाला ती विशेष उपयोगी ठरली. हिमाचल प्रदेशातील स्पीती येथे १९७२ मध्ये पहिले दोन छोटे पूल चार महिन्यांत उभे राहिले. १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलापर्यंत अशा पुलांची संख्या ६९ झाली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने यातील मर्म असे की, प्रमाणित माल, कमी वेळ आणि वाहतुकीचा आटोपशीर खर्च यांचा हिशेब त्यांनी आराखड्यातच मांडला होता.

अभियंता असणे हीच एक वाट आहे, असेही नाही. मुंबईच्या आरे ते कफ परेड या ३३.५ किलोमीटर लांबीच्या भुयारी मेट्रोचे नेतृत्व करणाऱ्या अश्विनी भिडे या भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी. स्थापत्याची पदवी त्यांच्याकडे नाही. आपल्या समाजाला तर दूर जाण्याचेही कारण नाही. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी भोर घाटातील रेल्वे बोगद्यांसारखी कामे अंगावर घेतली आणि १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना केली. त्यांच्या घराण्यातील शलाका गुलाबचंद धवन यांनी त्याच कंपनीत पूर्णवेळ संचालकपद सांभाळले.

आता कायद्यानेही एक दार उघडले आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार घरखरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते, आणि वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांनी कामाची प्रगती प्रमाणित केल्यावरच त्या प्रमाणात ती काढता येते. म्हणजे कामाची प्रगती आणि पैसा यांची सांगड घालू शकणारी व्यक्ती पेढीत हवीच. वाणिज्य शाखेत उत्तम गुण मिळवणाऱ्या मुली आपल्या घरोघरी आहेत. त्यांना केवळ जीएसटीची विवरणपत्रे भरायला बसवणे हा बुद्धीचा अपव्यय होय.

अडचणी खऱ्या आहेत. मुकादम मुलीचे ऐकत नाही, स्लॅबचे काम रात्री उशिरापर्यंत चालते, साइटवर धड स्वच्छतागृह नसते. यातील शेवटची अडचण दूर करणे मालकाच्याच हातात आहे, आणि तिचा लाभ घमेले उचलणाऱ्या भगिनीलाही होतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री कामगार असलेल्या ठिकाणी मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केलेच होते. मुकादमाचे म्हणाल, तर त्याचे बिल ज्या सहीने मंजूर होते त्या सहीचे तो ऐकतो.

तेव्हा प्रारंभ तेथूनच व्हावा. कन्येने किंवा सुनेने पहिले वर्षभर साइटवर उभे राहून आलेली सळई मोजून घ्यावी, आराखड्याप्रमाणे लागलेली सळई ताडून पाहावी आणि घट किती व का, ते लिहावे. दुसऱ्या वर्षी ठेकेदारांची बिले तिच्या तपासणीशिवाय पुढे जाऊ नयेत. भागीदारीपत्राचे नूतनीकरण होईल तेव्हा बँक खाते चालविण्याच्या कलमात तिचे नाव लिहावे, आणि सहीपूर्वी ते कलम तिला वाचायला द्यावे.