लिनक्समधील पॉइंटर त्वरण

लिनक्समधील पॉइंटर त्वरण म्हणजे हाताच्या हालचालीचा वेग पाहून पडद्यावरील पॉइंटर किती अंतर सरकवायचा हे ठरवणारी व्यवस्था होय. माउस सावकाश हलवल्यास पॉइंटर थोडा सरकतो; तेवढेच अंतर झटकन हलवल्यास तो अधिक दूर जातो. त्यामुळे टेबलावरील लहानशा जागेत माउस फिरवून मोठा पडदा ओलांडता येतो आणि बारीक कामात नेमकेपणाही राखता येतो. भौतिकशास्त्रात त्वरण म्हणजे वेगातील बदलाचा दर. येथे मात्र गुणक हालचालीच्या वेगावरच अवलंबून असतो. त्यामुळे ही संज्ञा शब्दशः घेतली जात नाही.

स्वरूप

पॉइंटरचा वेग आणि त्वरणाचा प्रकार या दोन स्वतंत्र बाबी आहेत. लिबइनपुट या प्रणालीत वेगाचे मूल्य −१ ते १ या मर्यादेत असते व ० हे मूळ मूल्य असते. त्वरणाचे दोन प्रमुख प्रकार आहेत. 'अनुकूली' प्रकारात गुणक हालचालीच्या वेगानुसार बदलतो, तर 'सपाट' प्रकारात तो सर्व वेगांना सारखाच राहतो. पॉइंटर फार जलद वाटल्यास केवळ वेग कमी करणे पुरेसे असते. मात्र तो अंदाजाबाहेर सरकत असल्यास प्रकार बदलणे उपयुक्त ठरते.

दोहोंतील फरक सोप्या चाचणीने कळतो. माउस झटकन उजवीकडे नेऊन सावकाश मूळ जागी आणल्यास सपाट प्रकारात पॉइंटर जवळपास मूळ स्थानी परततो. अनुकूली प्रकारात तो उजवीकडेच राहतो. मात्र चाचणी करताना पॉइंटर पडद्याच्या कडेला अडू देऊ नये.

इतिहास

एक्स विंडो प्रणालीत 'एक्ससेट' या आज्ञेने त्वरणाचा गुणक आणि उंबरठा ठरवला जाई. अल्पावधीत उंबरठ्याहून अधिक हालचाल झाली तरच गुणक लागू होई. २००९ मधील एक्स.ऑर्ग सर्व्हर १.६ मध्ये वेगाचे अधिक काटेकोर मापन करणारी पद्धत आली. पुढे वेलँडसाठी विकसित झालेले लिबइनपुट २०१५ मधील फेडोरा २२ पासून एक्स.ऑर्गसाठीही वापरात आले.

बदल करण्याच्या पद्धती

ग्नोम आणि केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपांवर सेटिंग्जमधील माउस विभागात वेग बदलता येतो. २०२३ मधील ग्नोम ४४ पासून त्याच विभागात माउसचे त्वरण चालू-बंद करण्याची सोय आहे. एक्स.ऑर्गवर 'एक्सइनपुट' ही आज्ञाही वापरता येते. परंतु तिने केलेला बदल सत्र संपल्यावर टिकत नाही. तो कायम ठेवण्यासाठी विन्यास फाइलमध्ये नोंद करावी लागते. वेलँडवर एक्ससेट व एक्सइनपुट यांनी माउसचे त्वरण बदलत नाही, कारण तेथे लिबइनपुटचे नियंत्रण डेस्कटॉपच्या कंपोझिटरकडे असते. जुनी माहिती वाचून दिलेली आज्ञा निष्फळ ठरण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

उपयोग

नेमबाजीच्या खेळांत हाताच्या सवयीवर विसंबता यावे म्हणून अनेक खेळाडू सपाट प्रकार निवडतात. टचपॅडची जागा मर्यादित असल्याने तेथे अनुकूली प्रकार सोयीचा ठरतो. माउस नव्याने शिकणाऱ्यांना किंवा हाताला कंप असणाऱ्यांना कमी वेगामुळे लहान बटणांवर क्लिक करणे सुकर होऊ शकते.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारित बॉस लिनक्स विकसित केले असून, शाळांसाठी त्याची एडुबॉस ही आवृत्ती आहे. डेस्कटॉपच्या सेटिंग्जमधील हे बदल सामान्यतः प्रत्येक वापरकर्ता खात्यापुरते जतन होतात. म्हणून शाळेतील एकाच संगणकावर स्वतंत्र खाती असल्यास प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या हाताला जुळणारा वेग ठेवता येतो. सामायिक खात्यात मात्र एकाने केलेला बदल सर्वांना लागू होतो.