संवाद हरवतो कोठें?

संगीत दणाणतें, पण पात्रांचें बोलणें ऐकूं येत नाहीं, अशी तक्रार वडीलधाऱ्या मंडळींनीं केली कीं त्यांच्या कानांवर ठपका ठेवून आपण मोकळे होतों. आमच्या मतें आधीं ‘कोडी’सारख्या चित्रपट दाखविणाऱ्या संगणक-प्रणालींतील आवाजाची योजना तपासावी. ‘५.१’ ध्वनींत सहा प्रवाह असतात व संवाद बहुधा मधल्यांत. घरीं दोनच कर्णे असतां ‘५.१’ निवडल्यास नसलेल्या मधल्या कर्ण्याबरोबर संवादहि गडप! तेथें ‘२.०’ निवडावें, म्हणजे प्रणाली मधला प्रवाह दोन्ही कर्ण्यांत मिसळते.

‘पासथ्रू’ची गोष्ट निराळी. तो चालूं असतां डॉल्बी अथवा डीटीएस ध्वनीचें आवळलेलें गांठोडें प्रणाली स्वतः न सोडतां जसेंच्या तसें पुढील यंत्राकडे धाडते. त्या यंत्रास गांठ सोडतां येत नसेल तर शांतता किंवा खरखर पदरीं पडते. घरीं चांगला रिसीव्हर असल्यास मात्र ही सोय आम्हांस उत्तम वाटते. आवाज मग रिसीव्हरवरच कमीजास्त करावा. प्रणालीची कळ तेथें चालत नाहीं. ऑप्टिकल तारेंतून डॉल्बी डिजिटलचें गांठोडें जातें. ट्रूएचडीस एचडीएमआयच हवी.